आमची माणसं

चर्चच्या हॉलबाहेर, मतदान केंद्राच्या दाराशी, मी, नॉर्मन आणि त्यांचा कुत्रा सकाळपासून गारठत बसलो होतो. माझ्या कोटावर आमच्या पक्षाची लाल फीत, त्यांच्या कोटावर त्यांच्या पक्षाची निळी. मत देऊन येणाऱ्यांची नोंद करायची, एवढंच काम.

"या मतदारसंघात आता आमचं काही खरं नाही," नॉर्मन म्हणाले. "आमची म्हातारी माणसं गेली, त्यांच्या घरांत तुमची भारतीय माणसं आली."

आमची माणसं! मतं मागायला त्यांच्या पायऱ्या चढून माझे गुडघे गेले. दार किलकिलं करून नुसतं "बघू" म्हणायची. पण वाद घालायचं त्राण कुणाला होतं?

तेवढ्यात आमचे हे मत देऊन बाहेर आले आणि त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या हातात ठेवला. "थालीपीठ लावलंय. गरम आहे तोवर खा."

इतक्या वर्षांच्या संसारात, पुण्यात काय नि इंग्लंडात काय, यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. मी वर पाहिलं. हे माझी नजर चुकवून, खाली वाकून नॉर्मनच्या कुत्र्याला कुरवाळत होते.

मत कुणाला दिलंत, हे मी विचारलंच नाही. अर्धं थालीपीठ नॉर्मनपुढे धरलं.

"घ्या," म्हटलं, "तुमच्यामुळेच मिळालंय."