मातीचा बैल आणि उजळणारं कडं

मुलांनो, अशी कल्पना करा की प्रत्येकाच्या मनगटात एक कडं आहे आणि आतून आनंद झाला की ते आपोआप उजळतं. तो उजेड लपवता येत नाही आणि खोटा आणताही येत नाही.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी ऋजुता गॅलरीत चित्र रंगवत होती. चित्रकलेची सगळी बक्षिसं तिलाच मिळत, पण हल्ली चित्र काढताना तिचं कडं विझलेलंच असे. शेजारी तिचा धाकटा भाऊ नचू पहिल्यांदाच मातीचा बैल करत होता. बैल मांजरासारखा दिसत होता आणि नचूचं कडं लख्ख उजळलं होतं.

"हा बैल आहे होय?" ऋजुतानं विचारलं.

"म्याव," नचू म्हणाला आणि हसत सुटला. कडं आणखीच उजळलं.

ऋजुताला ते बघवेना. तिनं बैलावर तळहात दाबला आणि त्याची पोळी करून टाकली. नचूचं कडं विझलं. तो ओठ काढून थोडा वेळ पोळीकडे बघत बसला.

"जाऊ दे, ताई. पाय आखूडच झाले होते त्याचे," असं म्हणून त्यानं ती माती पुन्हा मळायला घेतली. मळता मळता त्याचं कडं परत उजळू लागलं.

ऋजुतानं ब्रश खाली ठेवला आणि ती त्याच्याजवळ सरकली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "थोडी माती दे ना. मला बैल करता येत नाही."