सतरा नंबर

निवृत्तीच्या दिवशी सुहासिनीबाईंनी शेवटची हजेरी घेतली, आणि सतरा नंबरावर त्या नेहमीसारख्याच क्षणभर थांबल्या.

नवरा सोडून गेल्यावर चौतिसाव्या वर्षी त्यांनी डी.एड.ला नाव घातलं होतं. सराव पाठाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात रंगीत तालीम व्हायची. कपाटाच्या दारावर खडूनं तारीख लिहायची, मग हजेरी. समोर पाटावर त्यांची सात वर्षांची लेक शलाका एकटीच बसायची अन् आवाज बदलून बदलून वीस मुलांच्या वतीनं “हजर, बाई!” ओरडायची. सतरा नंबर तेवढा कायम गैरहजर.

“का गं येत नाही तो?”

“त्याचे पप्पा परत आले की येणार आहे.”

 बाई घाईघाईनं अठरा नंबर पुकारायच्या.

दोन वर्षांनी निकाल लागला, त्या संध्याकाळी पोरीनं हट्टानं वर्ग भरवायला लावला. सोळानंतर बाई सवयीनं अठरा म्हणाल्या.

“बाई, सतरा राहिला. आज आलाय तो.”

“पप्पा आले त्याचे?”

“नाही. पण बाई रोज येतात ना, म्हणून आला.”