फिरायला जोडीनं

आजोबांच्या पायांवर पुन्हा सूज चढली. अंगातलं पाणी उतरवणारी गोळी तर रोज न चुकता चालू होती, त्यामुळे डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या.

"आजोबा, दुसरं काही घेताय का?"

आजोबांनी आजीची नजर चुकवली. "गुडघ्यासाठी पेनकिलर. हिला तुम्ही रोज चालायला सांगितलंत, आणि ही माझ्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही."

"अहो, पेनकिलरमुळे ती गोळी नीट लागू पडत नाही. शिवाय किडनीला धोका! आजपासून पेनकिलर बंद, आणि सध्या फिरणंही बंद."

आजोबांचा चेहरा उतरला. "मग हिला सोबत कोण?"

"सुटले बाई!" आजी म्हणाली. "तुमचा हिरमोड नको, म्हणून मीही रोज पेनकिलर खाऊनच निघत होते."