ब्रिजेटचं आडनाव

डर्मट हॅनलन उद्या बॉस्टनहून, सिडनीहून आलेल्या साठ भाऊबंदांना घराण्याचा इतिहास सांगणार होते. म्हणून त्यांची सून स्वप्ना आयर्लंडमधल्या ॲथलोन गावच्या चर्चच्या जुन्या नोंदी वाचत होती. अचानक ती थांबली. सासऱ्यांच्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘पायरीवर सापडलेलं मूल. आईबाप अज्ञात.’ “थांबलीस का गं?” म्हणत शेजारी बसलेल्या डर्मटनी स्वतःच वाचलं. “म्हणजे आपण हॅनलन नाहीच?” स्वप्नानं बोटानं पुढची ओळ दाखवली: ‘विधवा ब्रिजेट हॅनलन हिनं सांभाळायला नेलं.’ दुसऱ्या दिवशी सभागृहात त्यांनी भाषणाचा कागद खिशात कोंबला. “आपलं रक्त कुणाचं, देव जाणे,” ते म्हणाले. “पण एका बाईनं पायरीवरचं पोर उचललं, त्याला स्वतःचं आडनाव दिलं. आपण तिचे.” सभागृह हळूहळू उभं राहिलं.