नमुना परत पाठवा

"साहेब, माझ्या मुलीचा रिपोर्ट," खिडकीशी आलेली बाई म्हणाली.

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या मास्तरांनी तिला ओळखलं ते चिठ्ठीवरच्या नंबरावरून. मुलगी जाऊन चार दिवस झाले होते. तेव्हापासून मास्तर हाती येईल ती नळी दोन-दोनदा कलती करून बघत होते. घरी पाण्याचा पेलासुद्धा. बायको म्हणाली होती, "अहो, पाणी आहे ते."

साध्या नळीतलं रक्त दहा-पंधरा मिनिटांत गोठतं. नाही गोठलं तर नर्सनं चुकीच्या, रक्त गोठू न देणारं औषध असलेल्या नळीत भरलं, हे मास्तरांचं तीस वर्षांचं गणित. त्या सकाळी मुलीचं रक्त पातळच राहिलं आणि मास्तरांनी डोळे झाकून शेरा मारला : नमुना सदोष, परत पाठवा. दुसऱ्यांदाही तोच. तिसरी नळी घेऊन नर्स स्वतः भांडायला आली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मुलीच्या पांढऱ्या पेशी बेसुमार माजल्या होत्या, आणि त्यांच्यातून सुटलेली एन्झाइम्स रक्त गोठवणारी प्रथिनंच तोडत होती.

"कुंपणच शेत खातंय," डॉक्टर म्हणाले. "आधी वॉर्डात कळवा."

तोवर तीन तास गेले होते. मुलीच्या मेंदूत रक्तस्राव सुरू झाला होता.

मास्तरांनी कागद सरकवला. बाईचं बोट 'नमुना सदोष' लिहिलेल्या पहिल्या दोन ओळींवर थांबलं.

"नमुना बिघडला, तो तिनं हात हलवला म्हणून ना? सुई टोचताना ती हलली होती. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, तुझ्या नाटकांपायी सगळ्यांच्या डोक्याला ताप. नंतर ती माझ्याशी बोललीच नाही."

मास्तरांनी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. खापर मेलेल्या पोरीवर फुटलं असतं, आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

"नाही ताई," ते म्हणाले. "ती हलली म्हणून काही झालं नाही. नमुना चांगला होता. दोन्ही वेळा."

बाईनं डोळे पुसले. चार दिवसांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतल्यासारखी ती जरा उभी राहिली, कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि निघाली. जिन्यापर्यंत गेली. मग वळून परत खिडकीशी आली.

"मग परत का मागितलात?"