फरशीखालची ओल

"दादा, तुमच्याकडच्या भेगा बुजवल्या. आता पाणी पलीकडे वळणार," फरशीखालच्या पोकळीतून सरपटत बाहेर येत कारागीर म्हणाला. "त्या बाजूलाही डांबर फासून घ्या."

भिंतीपलीकडे तुळाजीचा धाकटा भाऊ राहायचा. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. "त्याचं तो बघेल," तुळाजी फणकारला.

वाटणीत आईचीही पाळी ठरली होती, सहा महिने इकडे, सहा तिकडे. पावसाळा तिकडे काढून दसऱ्याला ती काखेत गोधडी घेऊन तुळाजीच्या दारात आली, खोकतच. असा खोकला तिला कधीच नव्हता. तुळाजीने गोधडी हातात घेतली. ती दमट, जड होती.

आईने अनवाणी पायांनी फरशी चाचपली.

"कोरडी ठणठणीत आहे रे," ती हसली. "तिकडे यंदा अंथरुणाखाली पाणी यायचं. बरं झालं, तुझ्याकडे तरी ओल शिरली नाही."