शेगडीमागची साखळी

"मागे हो रे, काकांना काम करू दे," बाई म्हणाली.

फिटर नव्या शेगडीच्या मागे गुडघ्यांवर बसला होता. शेगडी उभी, कमरेइतकी उंच. वर चार बर्नर, खाली ओव्हन. त्याला वाटलं, घरातलं पोर स्वयंपाकघराच्या दाराआड उभं असेल. पोरांची त्याला सवय होती. ज्या घरात जावं तिथे एखादं पाना मागायचंच, आणि नाही दिला की भोकाड पसरायचं.

"येऊ द्या हो," तो तिथूनच म्हणाला. "काका चावत नाहीत. फक्त पान्याला हात लावायचा नाही, काय?"

कोणी हसलं नाही. लाजाळू दिसतंय, असं मनाशी म्हणत त्याने नळीचा जोड आवळला, त्यावर साबणाचा फेस फासला आणि फुगे धरतात का ते बघितलं. जोड पक्का होता. मग त्याने शेगडीवर पाणसळ आडवी-उभी ठेवून पाहिली, आणि तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत शेगडीचे पाय फिरवत बसला.

बाईचा नवरा बाहेरच्या खोलीतून डोकावला. "झालं का?"

"झालंच. साखळी तेवढी राहिली."

"कसली साखळी?"

"शेगडी मागच्या भिंतीला बांधायची, साहेब. ओव्हनचं दार उघडं दिसलं की पोरं त्यावर पाय देऊन चढतात, वर काय शिजतंय ते बघायला. मग अख्खी शेगडी पुढे कलंडते, वरच्या उकळत्या भांड्यासकट. साखळी असली की जागची हलत नाही."

नवऱ्याचा चेहरा एकदम उतरला. "नको. लहान मूल नाही या घरात. आम्ही दोघंच राहतो."

फिटरने मान वळवून दाराकडे बघितलं. दार भिंतीला पार टेकलेलं होतं. त्याच्याआड मांजरसुद्धा मावलं नसतं.

"मग मघाशी वहिनी कोणाला..."

"तिला सवय आहे तशी. तुम्ही लक्ष देऊ नका. आटपा लवकर."

बाईने ओट्याखालचा खण उघडला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी फिटरपुढे धरली. आत साखळी होती, एका टोकाला आकडा, सोबत दोन स्क्रू. पिशवीचं तोंड कारखान्यात चिकटवलेलं होतं, ते अजून तसंच होतं.

"आधीच्या शेगडीची," ती म्हणाली. "ती यांनी घरच्या घरी बसवली होती. ही राहून गेली."

"पुरे कर आता," नवरा म्हणाला.

फिटरला कळायचं ते कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं. नव्या शेगडीबरोबर नवी साखळी आलीय, असं त्याने सांगून पाहिलं.

"हीच लावा," बाई म्हणाली. "आणि घट्ट लावा. त्याशिवाय मी गॅस पेटवायची नाही."

फिटरने दातांनी पिशवी फाडली, भिंतीत भोक पाडलं, आकडा अडकवला. एरवी काम करताना त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू असे. आता त्याला फक्त इथून बाहेर पडायचं होतं.

साखळी लावली की ओव्हनचं दार उघडून त्यावर जोर देऊन बघायचं, ही त्याची नेहमीची पद्धत. तो पुढे आला आणि त्याने दार उघडून आडवं केलं. हात पुसायला फडकं घेतलं, तेवढ्यात दार कुरकुरलं.

मागे साखळी खट्‌कन ताणली गेली. शेगडीचे मागचे पाय फरशीवरून केसभर उचलले गेले आणि तसेच राहिले. वर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा सावकाश मागच्या टोकाला सरकला. फिटर दोन पावलं लांब उभा होता, दोन्ही हातांत फडकं धरून. शेगडीला कोणीही शिवलं नव्हतं.

भर दुपारी त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावं म्हटलं तर वाटेत, दारातच, नवरा उभा.

बाई मात्र घाबरली नव्हती. ती शेगडीजवळ गेली आणि तिने ओव्हनच्या दारावरच्या रिकाम्या जागेमागे हात धरला, पोर मागे पडू नये म्हणून धरतात तसा. "बघ," ती हळूच म्हणाली. "आता चढलास तरी चालतंय."

नवरा आत आला. हा आता शेगडीच उपटून फेकणार, असं वाटून फिटर बाजूला झाला. पण नवरा शेगडीच्या मागे वाकला. ताणलेल्या साखळीला त्याने एक बोट लावलं. साखळी थरथरत होती, थांबत होती, पुन्हा थरथरत होती.

मग मान वर न करताच त्याने विचारलं, "मिस्त्री, तो मोठा झाला तरी पेलेल ना ही?"